विनाइलचे आवरण : ट्रेलर सजवण्यापूर्वीचा हिशेब

रस्त्यावरून जाणाऱ्या दुधाच्या व्हॅन, आइस्क्रीमच्या गाड्या, मालवाहू टेम्पो यांच्या अंगावरची चित्रे आपण रोज पाहतो. पूर्वी ही चित्रे आणि अक्षरे रंगारी ब्रशने काढीत असे. आता त्यांतील पुष्कळशी हाताने काढलेली नसतात. प्लॅस्टिकच्या एका पातळ थरावर ती यंत्राने छापतात आणि तो थर गाडीच्या पत्र्याला चिकटवतात. बाजारात या कामाला ‘रॅपिंग’ म्हणतात आणि त्या थराला ‘विनाइल’. प्रस्तुत लेखात, मोटारीमागे जोडून न्यावयाच्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरवर असे आवरण चढवायचे झाल्यास काय पाहावे, काय विचारावे आणि पैशाचा हिशेब कसा मांडावा, याची माहिती देण्याचा विचार आहे.

कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे चाकांवरची छोटी झोपण्याची खोली. अमेरिकेत १९३० च्या दशकात असे ट्रेलर लोकप्रिय झाले. पाण्याच्या थेंबासारख्या आकाराचे, जेमतेम दोन माणसांना निजता येईल एवढे ट्रेलर लोक घरच्या घरीही बनवीत. आपल्याकडे ही चीज नवी आहे. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली, तेव्हापासून या विषयाची चर्चा वाढली. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणारी हौशी मंडळीही अशा ट्रेलरची चौकशी करू लागली आहेत.

माझ्या मामांनी दहा फूट लांबीचा एक जुना ट्रेलर विकत घेतला. त्याला रॅपिंग करून घ्यायचे ठरले. मी कॉमर्सचा विद्यार्थी आणि मराठी व कानडी दोन्ही बोलणारा, म्हणून दरपत्रके गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. चार दुकाने फिरलो. ट्रेलर एकच, चित्र एकच. पण सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दुपटीहून अधिक होता. एकाच कामाच्या दरात एवढी तफावत का, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात आली. चौरस फुटाचा दर हा या व्यवहारातील सर्वांत कमी माहिती देणारा आकडा आहे. खरी किंमत ठरते ती थर कोणता, त्याखालचा पृष्ठभाग कसा आणि तो थर किती वर्षांनी कसा निघणार, या तीन गोष्टींवर.

लाटलेला थर आणि ओतलेला थर

विनाइल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, ज्याला आपण पीव्हीसी म्हणतो. ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७२ साली हा पदार्थ पाहिला. परंतु तो कडक आणि ठिसूळ होता. अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये त्यात दुसरी द्रव्ये मिसळून त्याला मऊपणा आणण्याची रीत शोधली. ही मऊपणाची द्रव्ये लक्षात ठेवावीत. वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यावर ती हळूहळू निघून जातात आणि मग विनाइल पापडासारखे तुटू लागते.

रॅपिंगचे विनाइल दोन तऱ्हांनी बनते. पहिल्या तऱ्हेत पीव्हीसीचा गरम गोळा एकामागून एक रुळांतून दाबून लाटतात. याला दुकानात ‘कॅलेंडर्ड’ म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत द्रवरूप मिश्रण सपाट पृष्ठावर ओतून पसरतात आणि भट्टीत भाजून वाळवतात. याला ‘कास्ट’ म्हणतात. स्वयंपाकघरातील दाखला द्यायचा तर पहिली लाटलेली पोळी आणि दुसरे तव्यावर ओतलेले धिरडे. पोळीचे पीठ लाटताना ताणले जाते आणि पोळपाटावर थोडा वेळ ठेवले तर आक्रसते. धिरड्यावर असा ताण आलेलाच नसतो. विनाइलचेही तसेच आहे. लाटलेला थर उन्हाने तापला की आपल्या मूळ मापाकडे परतू पाहतो. त्याच्या कडा आत सरकतात, खळग्यांतून तो सुटून वर येतो. ओतलेला थर जसा बसवला तसा राहतो, आणि रिबिटांवरून, वळणांवरून बसवण्यास सोपा जातो.

येथे एक गंमत आहे. कास्ट थर साधारण ५० मायक्रॉन जाड असतो आणि कॅलेंडर्ड ७५ ते १०० मायक्रॉन. (एक मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रॉन.) त्यामुळे ‘आमचा माल जाड आहे’ असे कोणी अभिमानाने सांगितले तर ती दर्जाची हमी समजू नये. उलट, जाड माल बहुधा लाटलेला आणि स्वस्त असतो. कॅलेंडर्ड म्हणजे टाकाऊ असेही नव्हे. सपाट दारावर किंवा एक-दोन हंगामांच्या जाहिरातीसाठी तो पुरेसा होतो. प्रश्न योग्य-अयोग्यतेचा आहे.

छापलेल्या थरावर आणखी एक पारदर्शक थर लावतात. त्याला लॅमिनेशन म्हणतात. छपाईची शाई उन्हाने विटते आणि फांदीने ओरखडते. हा पारदर्शक थर तिचे रक्षण करतो. कास्ट विनाइलवर कास्ट लॅमिनेशनच असावे. एक थर आक्रसणारा आणि दुसरा न आक्रसणारा असला तर कडा वळू लागतात. शिवाय सॉल्व्हंट शाईने छापलेला थर लॅमिनेशनपूर्वी निदान एक दिवस मोकळा ठेवावा लागतो. शाईतील द्रावक उडून न जाता आत कोंडले गेले तर चिकटद्रव्य कमकुवत होते. म्हणून ‘सकाळी छापतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा’ हे आश्वासन ऐकून आनंद मानू नये.

थराखाली काय आहे?

आमच्या चार दुकानदारांपैकी तिघांनी पहिला प्रश्न विचारला तो डिझाइनचा. चौथ्याने ट्रेलरभोवती एक फेरी मारली, खाली वाकून कोपऱ्यांवर अंगठा दाबला आणि कानडीत विचारले, “ओळग नीर होगेतेन्री?” म्हणजे, आत पाणी शिरले आहे काय? त्याचाच दर सर्वांत जास्त होता. पण तो जास्त का, हे मला त्या प्रश्नाने समजले.

छोट्या ट्रेलरची भिंत बहुधा पातळ पत्रा, त्यामागे प्लायवुड वा लाकडी चौकट अशी असते. छताचा सांधा, खिडकीची चौकट, दिव्याची भोके यांतून पावसाचे पाणी झिरपते आणि प्लायवुड कुजू लागते. बाहेरून पत्रा ठीक दिसतो. अशा भिंतीवर सुंदर चित्र चिकटवणे म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. विनाइल गळती थांबवत नाही. ती झाकते, आणि झाकलेली गळती अधिक नुकसान करते. मामांच्या ट्रेलरचा मागील खालचा कोपरा अंगठ्याखाली मऊ लागला. तेथील पत्रा सोडवल्यावर आतले प्लायवुड काळे पडलेले निघाले. आधी सुताराचे काम करून घेतले आणि रॅपिंग पावसाळ्यानंतर करायचे ठरवले.

भिंत कोरडी असल्याची खात्री झाल्यावर पृष्ठभागाकडे वळावे. जुना रंग पोपडे धरत असेल तर विनाइल त्या पोपड्यांना चिकटेल, पत्र्याला नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. चांगल्या चिकटपट्टीचा तुकडा घट्ट दाबून झटक्याने ओढावा. रंग निघून आला तर आधी तो खरवडून काढणे प्राप्त आहे. पोचे आणि ओरखडे लांबी भरून, काचपेपरने घासून सपाट करावे लागतात, कारण पातळ थर खालची प्रत्येक खोच दाखवतो. नवा रंग दिला असेल तर तो पूर्ण वाळू द्यावा. हवेत वाळणाऱ्या रंगाला निदान आठवडा आणि काही रंगांना महिनाभरही लागतो. ओल्या रंगातून निघणाऱ्या वाफा विनाइलखाली अडकून फोड येतात.

सिलिकॉनचा लेप ही दुसरी अडचण. खिडक्यांभोवती गळती थांबवण्यासाठी लावलेल्या सिलिकॉनला विनाइल चिकटत नाही. पॉलिशचेही तसेच. म्हणून जुने सिलिकॉन खरवडून काढावे, शक्य ते दिवे, बिजागऱ्या व रबराच्या पट्ट्या सोडवाव्यात, पृष्ठभाग साबणाने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, विनाइल बसवून मगच त्या वस्तू पुन्हा लावून नवा लेप द्यावा. हे सर्व श्रमाचे काम आहे. जेथे दर फार कमी असतो तेथे बहुधा हेच काम गाळलेले असते.

मापाचे गणित

आता मापाकडे येऊ. ट्रेलर दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच आहे असे धरू. दोन बाजू १२० चौरस फूट, पुढची व मागची भिंत मिळून ७२, एकूण १९२ चौरस फूट. छत घेतले तर आणखी ६०. पण विनाइल येते रोलमध्ये. रोलची रुंदी ५४ इंच धरली तर दहा फुटांची बाजू एका पट्ट्यात झाकता येत नाही. कडेला वळवण्यासाठी दोन-दोन इंच जास्त घेतले तर १२४ इंच लांबी आणि ७६ इंच उंची झाकायची असते. पट्टे उभे लावले आणि सांध्यात अर्धा इंच एकावर एक घेतले, तर दोन पूर्ण पट्टे १०७.५ इंच झाकतात आणि तिसऱ्या पट्ट्याची फक्त १७ इंच रुंदी लागते. म्हणजे ६० चौरस फुटांच्या बाजूसाठी रोलमधून सुमारे ८५.५ चौरस फूट माल सुटतो, त्यांपैकी सुमारे १९.५ चौरस फूट पट्टी उरते. ती पुढच्या भिंतीला किंवा दाराला वापरण्याची आखणी आधी केली तर वाया जात नाही. दर भिंतीच्या मापावर आहे की रोलच्या मापावर, हे म्हणूनच लेखी विचारावे.

सांधे कोणीकडे यावेत हेही ठरलेले असते. कौले घालताना वरचे कौल खालच्यावर येते, तसाच वरचा पट्टा खालच्यावर यावा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. आणि पुढचा पट्टा मागच्यावर यावा, म्हणजे वेगात जाताना वारा त्याची कड उचलत नाही. म्हणून काम मागून पुढे करीत आणतात.

चित्र आणि अक्षरे

मोबाइलवर सुंदर दिसणारा फोटो दहा फुटांवर सुंदर दिसेलच असे नाही. जवळून पाहण्याच्या छपाईला दर इंचाला निदान शंभर ठिपके असावेत. दहा फूट म्हणजे १२० इंच. म्हणजे फोटोची लांबी १२,००० ठिपके हवी. समजा, कोणी पुढे पाठवलेला फोटो १,६०० ठिपक्यांचा असला, तर इंचाला तेराच ठिपके मिळतात आणि चित्र धुरकट दिसते. याउलट रेषांनी बनवलेली बोधचिन्हे व अक्षरे कितीही मोठी केली तरी धारदार राहतात. तसेच, पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि छापलेला शाईचा. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांतून पडद्यावरचा प्रत्येक रंग निघत नाही. हातभर तुकडा छापून घेऊन उन्हात पाहावा आणि मगच मंजुरीची सही करावी.

आपल्या भागात ट्रेलरवर मराठी व कानडी दोन्ही अक्षरे येणे स्वाभाविक आहे. येथे विशेष काळजी हवी. पुण्याची श्री-लिपी किंवा कन्नड गणक परिषदेची नुडी यांसारख्या टंकांत केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की मात्रा आणि जोडाक्षरे फुटण्याचा संभव असतो. म्हणून छपाईला देण्यापूर्वी अक्षरांच्या रेषा करून घ्याव्यात. मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे तर आलेले नाहीत ना, ‘दऱ्या’ या शब्दात अर्धा र ठीक बसला आहे ना, हे आपणच तपासले पाहिजे. दुकानातील कारागीर ते तपासेलच असे नाही. कानडीत जोडाक्षराचे दुसरे अक्षर खाली लोंबते, तर देवनागरीत मात्रा शिरोरेषेच्या वर जातात. तेव्हा दोन ओळींत पुरेसे अंतर ठेवले नाही तर वरची कानडी ओळ आणि खालची मराठी ओळ एकमेकींत अडकतात. पाट्यांच्या धंद्यात एक इंच उंचीचे रोमन अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येते असा ढोबळ नियम मानतात. आपल्या जोडाक्षरांसाठी त्याहून सढळ माप घेणे बरे.

गडद रंगाचा मोह आवरावा. गडद थर उन्हात अधिक तापतो, लवकर थकतो आणि झोपण्याची खोलीही तापवतो. छतावर ऊन-पाऊस थेट पडतो, म्हणून तेथले विनाइल भिंतीपेक्षा बरेच आधी खराब होते. मामांनी छत पांढऱ्या रंगाचेच ठेवायचे ठरवले. त्यात खर्च वाचला आणि छताचे सांधे डागडुजीसाठी मोकळे राहिले.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या व्याख्येप्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच होय. नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाचा रंग लिहिलेला असतो. आवरणामुळे सारा रंगच बदलणार असेल तर आरटीओ कार्यालयात चौकशी करून ती नोंद बदलून घ्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा, रंग संरक्षण खात्याच्या वाहनांपुरता राखून ठेवला आहे. जंगलात जाणाऱ्या ट्रेलरला तोच रंग हवासा वाटतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. नंबर प्लेट, दिवे, परावर्तक पट्ट्या आणि चासी क्रमांक कोणत्याही परिस्थितीत झाकू नयेत.

जमाखर्च

आता आपल्या शाखेचा विषय. केवळ हिशेबासाठी दोन आकडे धरू. ‘अ’ दुकानाचा कॅलेंडर्ड, लॅमिनेशनविना दर ३०,००० रुपये; थर दोन वर्षे टिकेल आणि काढण्यास ६,००० रुपये पडतील. ‘ब’ दुकानाचा कास्ट, लॅमिनेशनसह दर ६०,००० रुपये. थर पाच वर्षे टिकेल आणि काढण्यास ५,००० रुपये. पहिल्याचा वार्षिक खर्च १८,००० रुपये आणि दुसऱ्याचा १३,००० रुपये होतो. दुप्पट महाग वाटणारा माल असा स्वस्त पडतो. मात्र ट्रेलर दीड वर्षात विकायचा असेल तर हेच गणित उलटते. म्हणून दर विचारण्याआधी ‘आपल्याला हे किती वर्षे हवे आहे?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा.

काढण्याचा खर्च धरायला बहुतेकजण विसरतात. चांगला थर वेळेवर, गरम हवा देऊन, लहान कोनात सावकाश ओढला तर अखंड निघतो. मुदत उलटून गेलेला थर मात्र नखाएवढ्या तुकड्यांत निघतो आणि चिकटा मागे ठेवतो. निघालेले तुकडे जाळू नयेत; पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे विषारी वायू सुटतात.

जमाखर्चात नोंद कशी करावी? जुनी मालमत्ता घेऊन ती धंद्यात वापरण्यायोग्य करण्यासाठी पहिल्या वापरापूर्वी केलेला खर्च भांडवली असतो, हे आपण प्रथम वर्षात शिकतो. मामांचे सुतारकाम आणि पहिले आवरण त्यात बसेल. पुढे विटलेले आवरण बदलून तसेच दुसरे लावले तर तो दुरुस्तीचा, म्हणजे महसुली, खर्च. आवरणाचे आयुष्य ट्रेलरपेक्षा कमी असल्याने त्याचा घसारा वेगळा काढणेच योग्य.

आणखी एक गोष्ट वर्गातल्या पुस्तकातून कामी आली. वस्तुविक्री कायदा, १९३० याच्या १६ व्या कलमात ‘ग्राहका, सावध राहा’ या तत्त्वाला अपवाद आहेत. खरेदीदाराने वस्तू कोणत्या विशिष्ट कामासाठी हवी ते विक्रेत्याला कळवले आणि त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे, ही अट गृहीत धरली जाते. रॅपिंगमध्ये माल आणि मजुरी दोन्ही येतात. तरीही यातून घेण्याजोगा धडा हाच की, हेतू कागदावर लिहावा. ‘उघड्यावर, ऊन-पावसात राहणाऱ्या ट्रेलरसाठी, पाच वर्षांकरिता’ एवढे शब्द मागणीपत्रात घालण्यास एक ओळ लागते.

त्याच कागदावर पुढील गोष्टीही असाव्यात : विनाइलचे व लॅमिनेशनचे कंपनीने दिलेले नाव व क्रमांक, मापाची पद्धत, पृष्ठभागाची तयारी व वस्तू सोडवून पुन्हा लावण्याची मजुरी, मालाची हमी कोणाची आणि बसवण्याच्या कामाची कोणाची, आणि डिझाइनची मूळ फाइल आपल्याला मिळणार की नाही. काम सावलीत, धूळ नसलेल्या जागी, साधारण १५ ते ३० अंश तापमानात व्हावे. खळगे व कडा बसवल्यानंतर पुन्हा तापवून पक्क्या केल्या की नाही, हे उभे राहून पाहावे आणि मगच उरलेली रक्कम द्यावी.

आपल्यापैकी काहीजण उद्या असा ट्रेलर घेतील, आणि त्याहून अधिकजण कदाचित रॅपिंगचे दुकान घालतील. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हितावह आहे. ग्राहकाने चित्राच्या आधी भिंत दाखवावी आणि दुकानदाराने दराच्या आधी भिंत पाहावी. या क्रमाने गेलेल्या व्यवहारात दोघांचेही पैसे राखले जातात, आणि चित्रही पुष्कळ पावसाळे टिकते.